खोड मोडण्याआधी

जामच्या चौरस्त्यावर हल्ली घोडा दिसतो तो बहुधा पिकअपच्या हौद्यात उभा असलेला. नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या महामार्गाला इथेच चंद्रपूरचा रस्ता फुटतो. लग्नसराईत नवरदेवाची घोडी आज हिंगणघाट, उद्या वरोरा, परवा वर्धा अशी फिरवायची असते. पायी न्यायला ना वेळ, ना रस्त्यावर जागा. त्यामुळे या भागातल्या घोडेवाल्याची पहिली तक्रार स्वारीची नसतेच. "काल तं चढली होती गाडीत, आज काहून चढत नाही वो?" अशी ती असते. घोड्याच्या शिक्षणावरची पुस्तकं सहसा लगाम कसा धरावा इथून सुरू होतात. ही प्रस्तावना मी गाडीपासून सुरू करतो, कारण या विषयातलं जवळपास सगळं गाडीत चढायच्या फळीवर बघायला मिळतं.

दृश्य नेहमीचं आहे. गाडीला लाकडी फळी तिरकी लावलेली. एक जण हौद्यात उभा राहून म्होरकीचा दोर ओढतोय, दोघांनी घोडीच्या मागून आडवा दोर धरलाय, आणखी एकाच्या हातात तुराटी. घोडीने पुढचे पाय फळीच्या तोंडाशी रोवलेत. मान उंच, कान मागे, डोळ्यातला पांढरा भाग दिसतोय. सगळ्यांचं एकमत झालेलं असतं की घोडी माजलीय.

घोडीला काय दिसतं ते बघू. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचं जवळपास साडेतीनशे अंशांत दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी समोरचं, नाकाखालचं आणि शेपटीच्या मागचं. पायाशी काय आहे हे बघायचं तर त्याला मान खाली घालावी लागते, आणि आपण नेमकी तीच मान दोराने वर ओढून धरलेली असते. शिवाय उजेडातून अंधारात गेल्यावर त्याचे डोळे सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एप्रिलच्या उन्हातून ताडपत्रीखाली बघणाऱ्या घोडीला हौद्याच्या जागी तेवढा वेळ नुसता काळोख दिसतो. खूर पडला की फळी पोकळ वाजते आणि लचकते. त्यात मागच्या खेपेला गतिरोधकावर ब्रेक लागून आखूड बांधलेल्या घोडीचं तोंड समोरच्या पाइपवर आदळलं असेल, तर ते ती विसरलेली नसते.

आता पुढचं. पाच-दहा मिनिटं ओढाताण होते. घोडी एकदम झटका देऊन दोन पावलं मागे जाते. हौद्यातला माणूस दोर सोडतो, कारण नाही सोडला तर तोच खाली येईल. सगळे जरा दम खातात, कुणी तंबाखू मळायला घेतो. त्या क्षणी घोडीला कळतं ते एवढंच, की झटका दिला की ओढ थांबते. उद्या ती पहिल्याच मिनिटाला झटका देईल. हे तिला आपणच शिकवलेलं असतं, आणि शिकायला ती अजिबात मंद नसते.

उपाय लग्नाच्या दिवशी होत नाही. तो आठ दिवस आधी, गाडी सपाट जागी उभी करून, ताडपत्री काढून, सकाळच्या उजेडात करायचा असतो. फळीवर जुनी पोती नाहीतर रबराची चटई अंथरली की आवाजही कमी होतो आणि घसरणंही. दोरावर हलका ताण ठेवायचा, हिसका द्यायचा नाही. घोडीने अंग पुढे झुकवलं, एक खूर नुसता उचलून फळीकडे नेला, की तत्क्षणी दोर सैल. मान खाली घालून तिला फळी हुंगू द्यायची. एक पाऊल पुढे आलं की आपणच तिला मागे घ्यायचं, मग पुन्हा पुढे. मागे जाणं हा मग तिचा डाव उरत नाही, आपण सांगितलेलं काम होतं. वर चढली तरी लगेच फाळका लावून गाडी हाणायची नाही. हौद्यात चंदीचा तोबरा, थोडा वेळ उभी, आणि खाली. पहिल्या दिवशी पुढचे दोनच पाय फळीवर आले तरी तिथे थांबायचं. ज्यांना हे फार सावकाश वाटतं त्यांनी वरातीच्या संध्याकाळची झटापट आठवून पाहावी.

हा विषय आपल्याकडे नवा नाही. विराटपर्वात नकुल ग्रंथिक असं नाव घेऊन विराटाच्या अश्वशाळेत चाकरीला राहतो. आपल्याला काय येतं हे सांगताना तो चार गोष्टी एका दमात सांगतो: घोड्याचा स्वभाव, त्याचं शिक्षण, दुष्ट घोड्याला कसं हाताळावं ते, आणि सगळे उपचार. आज आपण हे चार जागी वाटून टाकलंय. उपचार डॉक्टरकडे, शिक्षण चाबूकस्वाराकडे, खोड मालकाच्या नशिबाकडे. आणि स्वभाव कुणाच्याच वाट्याला आलेला नाही. या पुस्तकात मला काही साधायचं असेल तर ते चारही पुन्हा एका ठाणावर आणणं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचं प्रकरण आहे. तिथे प्रत्येक घोड्याच्या ठाणाची लांबी-रुंदी घोड्याच्या अंगावरून ठरवायला सांगितली आहे आणि खाली गुळगुळीत फळ्यांची जमीन. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडते. अश्वशाळेत माकडं, मोर, हरणं, मुंगूस, चकोर, पोपट, साळुंक्या ठेवाव्यात असं तो लिहितो. टीकाकार याची कारणं काय देतील ती देवोत. रोज माकडाची उडी बघणारा आणि मोराची केका ऐकणारा घोडा रानात कशाला बुजेल? शिवाय तो एकटा राहत नाही. त्याच प्रकरणात पुढे चुकीच्या उपचाराने रोग वाढला तर वैद्याला खर्चाच्या दुप्पट दंड आहे. हा नियम आज लागू झाला तर काय होईल याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तिकडे ग्रीसमध्ये झेनोफनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर छोटं पुस्तक लिहिलं. रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये, आणि तो ज्याला भितो त्याच्याजवळ त्याला मारून नेलं तर भीती दुणावते, हे त्यात स्वच्छ सांगितलंय. त्याच्याही हजारेक वर्षं आधी मितान्नी राज्यातल्या किक्कुलीने रथाच्या घोड्यांची तयारी कशी करावी याचं दिवसागणिक वेळापत्रक मातीच्या विटांवर लिहून ठेवलं. त्यातले आकडे संस्कृतच्या सख्ख्या नात्यातले आहेत. म्हणजे हे ज्ञान हरवलेलं नाही. दर पिढीत ते थोड्या लोकांजवळ असतं आणि बाकीचे तुराटी शोधतात.

आपल्याकडे ते थोडे लोक कोण होते? मराठ्यांच्या पागेत सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार, ही नावं शाळेतच पाठ होतात. सतराशे चाळीसच्या दशकात नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ बंगालपर्यंत जाऊन येत होतं, आणि बंगाली अंगाईगीतात ते बर्गी म्हणून अजून आहे. पण एवढ्या मजला मारणाऱ्या जनावरांची पाठ कोण बघत होतं, खूर कोण कापत होतं, पहिली तीन वर्षं रानात उंडारलेल्या शिंगराला खोगिराची सवय कोण लावत होतं? मोतद्दार, नालबंद, चाबूकस्वार. त्यांनी लिहिलं नाही, त्यांच्याविषयी फारसं कुणी लिहिलं नाही. लढाया, तहनामे, वंशावळी यांनी कपाटं भरली. तंग किती आवळावा हे बाप मुलाला सांगत राहिला, आणि मुलाने टेम्पो घेतला तेव्हा ते सांगणं थांबलं. दख्खनच्या ज्या काटक, बुटक्या घोड्यांवर हे सगळं उभं होतं त्या भीमथडी जातीला देशी जात म्हणून अधिकृत नोंदीचं प्रमाणपत्र मिळालं ते जानेवारी २०२४ मध्ये. ती देशातली आठवी नोंदलेली घोड्याची जात. उशीर झाला, पण झालं.

उरलेलं जे तोंडी ज्ञान बाजारात टिकलंय, ते बव्हंशी भोवऱ्यांचं आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडा बघायला आलेला माणूस आधी केसांचे भोवरे शोधतो. गळ्याला देवमण आहे का, डोळ्याखाली अश्रुढाळ तर नाही ना, गोम कुठे वळलीय. चार पाय आणि तोंड पांढरं असलं तर पंचकल्याणी, किंमत वर. मी याची थट्टा करणार नाही. प्राण्यांच्या वर्तनाची अभ्यासक टेंपल ग्रँडिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये गुरांच्या कपाळावरच्या भोवऱ्याची उंची आणि बुजरेपणा यांचा संबंध मांडला होता. पोटातल्या गर्भात त्वचा आणि मेंदू एकाच थरापासून घडतात, तेव्हा कल्पना अगदीच वाऱ्यावरची नाही. पण भोवरा बघून घोडा घेणाऱ्याने त्याच वेळी त्याचे चारही खूर उचलून पाहिले, तोंडात हात घातला आणि त्याला दहा पावलं कठीण जमिनीवर दुडकी चालवून बघितला, तर पुढच्या निम्म्या तक्रारी यात्रेतच राहतील. अश्रुढाळ असलेली घोडी मालकाला रडवते म्हणतात. दाताची धार न बघितलेली घोडी नक्की रडवते.

दाताचंच घेऊ, कारण इथे सगळ्यात जास्त अन्याय होतो. घोड्याची दाढ आयुष्यभर वर येत राहते आणि झिजत राहते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे झीज सारखी होत नाही; वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला आणि खालच्यांच्या आतल्या कडेला धारदार टोकं तयार होतात. दिवसभर गवत चघळणाऱ्या घोड्याची दाढ बऱ्यापैकी झिजते. भुस्सा आणि भिजवलेल्या हरभऱ्यावर ठेवलेल्याची कमी. ही टोकं गालाला आतून कापतात. मग लगामाचा दाब आला की गाल दाढेवर घासतो आणि घोडा मान झटकतो, एका बाजूला वळत नाही, लगाम दातात धरून पळतो. काही घोड्यांना पहिल्या दाढेपुढे लांडग्याचा दात म्हणतात तो छोटा दात असतो, त्यावर लोखंड आपटत राहतं. मालक काय करतो? आणखी कडक लगाम आणतो. बाजारात आतून काटे असलेले लगाम अजून दिसतात. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केलेल्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी अशा काटेरी साजाला कधीच मनाई केली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सोपा आहे: ज्याचं तोंड दुखतंय तो दुखण्यापासून पळतो, आणि आपण दुखणं वाढवून त्याला थांबवायला बघतो.

पाठीचं तसंच. खोगीर मणक्यावर टेकतं का, हे खोगीर काढल्यावर घामाच्या खुणांवरून कळतं. सगळीकडे ओलं आणि मध्ये एक कोरडा ठिपका दिसला, तर तिथे दाब इतका होता की घामसुद्धा आला नाही. त्या ठिपक्यावर बोटाने हलकेच दाबून बघावं. कातडी थरथरते की घोडा पाठ खाली खेचतो, ते बघावं. तंग आवळताना चावायला येणारा घोडा खोडकर असू शकतो, पण मी आधी त्याचं पोट आणि पाठ संशयाखाली घेईन. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, समोर चारा असो वा नसो. रानात तो दिवसाचे बरेच तास चरतो म्हणून निभावतं. सकाळी एक तोबरा आणि रात्री एक, मध्ये उपास, असं ठेवलेल्या घोड्याच्या जठराला व्रण पडणं फार सोपं. वरातीच्या दिवशी घोडीने घाण करू नये म्हणून तिला उपाशी ठेवण्याची पद्धत मला म्हणूनच अजिबात मान्य नाही.

इंग्लंडमधल्या स्यू डायसन या घोड्यांच्या डॉक्टर बाईंनी २०१८ मध्ये स्वारीतल्या घोड्याच्या वागण्याच्या चोवीस खुणांची यादी प्रसिद्ध केली. कान बराच वेळ मागे, तोंड उघडं, जीभ बाहेर, शेपटी एका बाजूला, चाल मध्येच बदलणं, अशा. त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर अंगात कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. यातली एकेक खूण आपल्याकडे खोड म्हणून ओळखली जाते.

विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे सर्रा हा रोग. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्सने डेरा इस्माइल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात याचा परजीवी शोधून काढला. मोठ्या डंखी माश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात, त्यामुळे पावसाळ्यात आणि त्यानंतर धोका जास्त. ताप येतो-जातो, घोडा वाळत जातो, पोटाखाली सूज उतरते, पुढे मागचा भाग डोलू लागतो. मधल्या काळात लोकांना दिसतो तो फक्त आळशी घोडा. त्याला टाच मारून काही होणार नाही; रक्त तपासायला हवं. जामहून नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तासा-दीड तासावर आहे, आणि शंका आली की जायचं तिथे.

अंग निर्दोष आहे, साज नीट बसतोय, पोट भरलेलं आहे, आणि तरी घोडा अडतोय, बुजतोय किंवा उधळतोय. इथून पुढे शिक्षणाचा प्रांत.

वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला हे शिक्षण अगदी परकं नाही. गवळाऊ गोऱ्हा जुवाला लावताना त्याला जुन्या, शहाण्या बैलाच्या जोडीला बांधतात, आधी रिकामं जू, मग हलका ओढा, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आर्वीकडच्या या जातीची चाल भोसल्यांच्या काळात जलद वाहतुकीसाठी नावाजलेली होती. पण बैलाचा अनुभव घोड्यावर जसाच्या तसा चालवला की फसायला होतं. बैल संकटात बऱ्याचदा शिंग रोखून उभा राहतो. घोड्याचं पहिलं उत्तर पळणं असतं, विचार नंतर. त्याला कोंडलं, बांधलं, पळायची वाट बंद केली, की मग तो लाथ मारतो किंवा दोन पायांवर झाड होतो. म्हणजे हल्ला हा त्याचा दुसरा पर्याय असतो, आणि पहिला बहुतेक वेळा आपणच काढून घेतलेला असतो.

घोड्याला आपण जे शिकवतो त्यातलं बहुतेक दाब आणि ढील यांनी शिकवतो. टाच लागली, तो पुढे गेला, टाच सुटली. लगाम आला, तो थांबला, लगाम सैल झाला. शिकवतो तो दाब, असं आपल्याला वाटतं. खरं तर शिकवते ती ढील, आणि तीही एका क्षणाच्या आत मिळाली तर. पाऊल उचलताच टाच सुटली तर घोड्याला कळतं की पाऊल उचलल्याने हे थांबलं. चार पावलांनंतर सुटली तर त्या वेळी तो जे करत होता, मान झटकत होता समजा, ते त्याच्या खाती जमा होतं. नवशिका स्वार तोल सावरायला लगाम धरून बसतो आणि त्याच वेळी पुढे जायला टाचा मारतो. घोड्याला पुढे जाही आणि थांबही एकदम सांगितलं जातं. काही घोडे गोंधळून अडतात, काही उधळतात, आणि बरेचसे दोन्हीकडे दुर्लक्ष करायला शिकतात. हिल स्टेशनवर पर्यटकांना फिरवणारा, कशालाच न बधणारा घोडा शांत असतो असं आपण म्हणतो. त्याने खूपदा ऐकून बघितलेलं असतं.

शर्यतीतून निवृत्त होऊन रायडिंग क्लबात आलेल्या घोड्याची अडचण याच्या उलट. ट्रॅकवर लगाम ताणला की त्यावर भार टाकून आणखी पळायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. नवा स्वार घाबरून लगाम ओढतो, आणि घोडा इमानदारीने वेग वाढवतो. तो उधळलेला नसतो, आज्ञा पाळत असतो. अशाला सरळ रेषेत ओढण्यापेक्षा मोठ्या वर्तुळात वळवून, लगाम घे-सोड करत, थांबण्याचा अर्थ पहिल्यापासून शिकवावा लागतो, महिने जातात.

घोडा आपल्याकडून काय काय वाचतो याची कल्पना यावी म्हणून बर्लिनच्या हान्सची गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हा घोडा खूर आपटून बेरजा-गुणाकार सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्टने १९०७ मध्ये दाखवून दिलं की ज्याने प्रश्न विचारला त्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सला काही येत नाही. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं, त्याला स्वतःला न कळता, आणि घोडा थांबायचा. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ही गोष्ट घोड्याची फजिती म्हणून सांगतात. मला तर ती घोड्याची करामत वाटते. जो प्राणी अनोळखी माणसाच्या मानेची इतकी बारीक हालचाल टिपतो, त्याच्यावर आपण भीतीने आखडलेल्या मांड्या घेऊन बसतो आणि त्याने ती भीती ओळखू नये अशी अपेक्षा धरतो. हांगझूच्या आशियाई स्पर्धेत सप्टेंबर २०२३ मध्ये भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवलं, १९८२ नंतर घोडेस्वारीतलं पहिलं. मुंबईचा हृदय छेडा त्या संघात होता. ती स्वारी बघताना स्वार काहीच करत नाही असं वाटतं. सगळी मेहनत तसं वाटावं यासाठीच असते.

बुजण्याचं प्रकरण मात्र निराळं आहे, कारण तिथे नव्या आज्ञा शिकवायच्या नसतात, जुनी भीती उतरवायची असते. याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात देखणं उदाहरण आषाढी वारीत दरवर्षी दिसतं. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे चालणारे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून येतात. हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला आजचं रूप दिलं तेव्हापासूनचा तो मान. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कुणीच नसतं, कारण तो माउलींचा. रिंगणात हजारो माणसं, टाळ-मृदंगाचा कल्लोळ, आणि माणसांच्या दोन भिंतींमधून हे घोडे भरधाव सुटतात. कुणाला लाथ नाही, कुणाला धक्का नाही. धावून झाल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात, तरी जनावर उभं. श्रद्धेचा भाग श्रद्धेचा. त्याच्या शेजारी एक साधी गोष्टही ठेवावी. हे अश्व अंकलीहून आळंदीला पायी येतात. वाटेत गावोगाव माणसं हात लावतात, ओवाळतात. मग सोहळा सुरू होतो तो चालतच, आणि चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होईपर्यंत रोजचा गजर त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. गर्दी त्यांच्यावर एकदम कोसळत नाही, ती दिवसादिवसाने वाढत जाते.

आता वरातीची घोडी बघा. आषाढीला लग्नं थांबतात आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत विदर्भातली घोडी बहुधा ठाणावर अगाडी-पछाडी बांधलेली असते. चार महिने पावसाची टपटप, शेजारच्या म्हशी, आणि बस. काही घोड्या तिथे उभ्या उभ्या डोलायला लागतात, काही दावणीच्या लाकडाला दात लावून वारा गिळतात. हे कोंडून ठेवल्याचं दुखणं आहे, शेजारच्या घोडीचं बघून लागलेली सवय नव्हे. मग कार्तिकात एका संध्याकाळी तिच्या पाठीवर झालर, डोक्यावर तुरा, कानाशी बँड, मागे डीजेचा ट्रक, पायाखाली फटाके, आणि वर पहिल्यांदाच घोड्यावर बसलेला, टाचा दाबून धरणारा नवरदेव. घोड्याला माणसापेक्षा जास्त उंच स्वर ऐकू येतात हेही त्यात धरा. ती बुजली नाही तरच नवल.

माझं सांगणं एवढंच असतं की दसऱ्यापासून कामाला लागा. आधी ठाणावरून सोडून रोज चालवणं, मग मोबाइलवर बँडचा आवाज, लांबून, घोडी चरत असताना. ती चघळायचं थांबली की आवाज फार मोठा झाला असं समजून मागे घ्यायचा. पुन्हा चघळू लागली की दुसऱ्या दिवशी थोडा जवळ. झालर आधी हुंगायला, मग पाठीवर क्षणभर, मग जास्त वेळ. शांत, मुरलेली एखादी घोडी शेजारी असेल तर काम झपाट्याने होतं. आणि डीजेच्या ट्रकापासून घोडी किती अंतरावर उभी राहील, हे सुपारी घेतानाच ठरवून घ्यायचं. वरातीत ते ठरत नाही. उन्हाळ्याच्या लग्नांना आणखी दोन पथ्यं. घोड्याच्या घामातून पाण्याबरोबर मीठही भरपूर जातं, तेव्हा पाण्याच्या बादलीशेजारी मिठाचा खडा हवाच. आणि दुपारभर उन्हात टांगलेला लोखंडी लगाम तोंडात देण्याआधी आपल्या हातात धरून बघावा. पंचेचाळीस अंशांच्या वैशाखात ते लोखंड हाताला सोसत नाही, जिभेला कसं सोसेल?

काही बाबतीत घरच्या घरी प्रयोग करू नयेत. वारंवार झाड होणारा घोडा स्वारासकट उलटा पडू शकतो. तोंड चालवून अंगावर येणारा वछेरा, ज्याला लहानपणी लाडाने अंगाशी खेळवलंय, तो मोठा झाल्यावर खेळ म्हणूनच हाड मोडतो. अशांसाठी जाणता माणूस बोलवावा आणि त्याने काय केलं ते शेजारी उभं राहून बघावं. घोडा सुधारून परत आला आणि हात जुनेच राहिले तर महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं होतं. नाचणारी घोडी म्हणून दोर-काठीने तयार केलेल्या जनावरांविषयी मी पुढे स्वतंत्र लिहिलंय. तिथे माझा सूर जरा कडक झालाय, तो तसाच ठेवलाय.

पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील, पण पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक वही करा. घोडा अडला, बुजला, चावला, उधळला की त्याच रात्री चार ओळी लिहायच्या: वेळ कोणती, त्याआधी किती तास पोट रिकामं होतं, साज कोणता होता, पाठीवर कोण होतं, वारा कुठून होता, आणि त्याने तसं केल्यावर लगेच आपण काय केलं. शेवटचा रकाना लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो. बाकीचे एखाद दिवशी राहिले तरी हरकत नाही, तो मात्र चुकवू नका. नाल बदलल्याची तारीखही तिथेच टाका. सहा ते आठ आठवडे उलटून गेले असतील तर वही मिटून आधी नालबंदाला फोन करा.